बस स्टँड की बसस्थानक?

भाच्याच्या लग्नपत्रिकेत ‘बस स्टँडजवळ’ छापायचं की ‘बसस्थानकाजवळ’, यावर ताई अडून बसली होती.

समजायला स्टँड सोपा. नाशिकच्या रिक्षावाल्याला ‘बसस्थानक’ म्हणा, तो आधी तुमच्याकडे निरखून बघेल. तिथल्या सीबीएस या स्टँडचं नावच मुळी सेंट्रल बस स्टँडचं लघुरूप.

नेमकेपणात मात्र गोची आहे. आपण ज्याला स्टँड म्हणतो, त्याला इंग्लंडात बस स्टेशन म्हणतात. रस्त्याकडेचा तो बस स्टॉप, म्हणजे थांबा. आपल्याकडे स्टँड रिक्षाचाही असतो, सायकललाही असतो. उलट नुसतं ‘स्थानकाजवळ’ लिहिलंत, तर मुंबईचा पाहुणा रेल्वेचं समजून नाशिकरोडलाच कार्यालय शोधत फिरेल. म्हणून कुठलाही शब्द घ्या, ‘बस’ गाळू नका.

लिहायला ‘बसस्थानक’ अवघड. छापताना एक ‘स’ हमखास गळतो.

अर्ज, बातमी, सरकारी पत्र असेल तर बसस्थानक. पत्रिका किंवा फोनवर रस्ता सांगायचा असेल तर स्टँड. त्यातही सीबीएस जुनं की नवं, म्हणजे ठक्कर बाजारचं, की मुंबई नाक्यावरचा महामार्ग स्टँड, एवढं नक्की छापा.