पॉलिकार्बोनेटमधला १५ टक्क्यांचा नॅनोट्यूब मास्टरबॅच: माल चांगला, पण आकडा मोल्डिंगच्या हातात

पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचा भाग वीजवाहक करायचा असेल, तर नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची, सुटी भुकटी आणण्यापेक्षा मास्टरबॅचचे, म्हणजे त्या नळ्या आधीच दाट मिसळलेल्या प्लास्टिकचे, दाणे घेणं शहाणपणाचं. भुकटी उडते, फीडरमध्ये अडकते, आणि तिचे घट्ट गुंते सोडवायला स्क्रूची बरीच ताकद खर्च होते. दाण्यांत ते काम बऱ्याच अंशी आधीच झालेलं असतं. या प्रकारच्या मालात वजनाने १५ टक्के बहुभित्ती (एकात एक अशा अनेक भिंतींच्या) नॅनोट्यूब असतात: जाडी १० नॅनोमीटरच्या आसपास, लांबी एक-दीड मायक्रॉन.

या लांबट आकारामुळेच मात्रा कमी लागते. पॉलिकार्बोनेटमध्ये एक ते दीड टक्क्याला नळ्यांचं जाळं जुळतं आणि वीज वाहू लागते. नेमक्या त्याच मात्रेवर काम करणं मात्र धोक्याचं, कारण तिथे जराशा फरकाने विजेला होणारा रोध हजारपट बदलतो. ३ टक्के धरा. म्हणजे २० किलोच्या बॅचला ४ किलो मास्टरबॅच आणि १६ किलो साधं पॉलिकार्बोनेट.

दोन्ही दाणे १२० अंशांवर ४ तास वाळवा, ओलावा ०.०२ टक्क्यांच्या खाली आणा. ओल राहिली तर पॉलिमरच्या साखळ्या तुटतात, भाग ठिसूळ होतो आणि दोष फुकट नॅनोट्यूबच्या माथी येतो. मास्टरबॅच मुख्य हॉपरमधूनच द्या. काचतंतूंसारखा साइड फीडरने पुढे सोडला, तर वितळून पसरायला स्क्रूची पुरेशी लांबी उरत नाही. मिसळायला एकाच दिशेने फिरणाऱ्या जोड-स्क्रूंचं यंत्र (ट्विन स्क्रू) हवं. दाणे नुसते मिसळून थेट इंजेक्शन मशीनमध्ये टाकायचा मोह होतो. त्यातून पृष्ठभागावर काळे पट्टे उमटतात आणि एकाच भागावर बोटभर अंतरावर वेगळे आकडे येतात.

खरी गोम मोल्डिंगमध्ये आहे. नॅनोट्यूब पडल्यावर वितळलेला माल लक्षणीय घट्ट होतो, साचा पूर्ण भरत नाही, म्हणून ऑपरेटर इंजेक्शनचा वेग वाढवतो. वेगाने नळ्या प्रवाहाच्या दिशेने आडव्या पडतात, थंड साच्याला लागलेला मालाचा बाहेरचा थर त्याच स्थितीत गोठतो, आणि जाळं तुटलेलंच राहतं. वेग कमी ठेवा, मालाचं तापमान ३०० अंशांच्या आसपास आणि साचा १०० च्या जवळ न्या. गरम मालात विखुरलेल्या नळ्या पुन्हा एकमेकींना भिडतात. प्रत्येक भागाला लागणारा वेळ (सायकल) लांबतो, त्याला इलाज नाही.

रोध जास्त आला तर आधी मात्रा वाढवू नका. त्याच दाण्यांची प्रेसमध्ये दाबून सपाट चकती करा. चकती चांगली वाहत असेल तर मिश्रण ठीक आहे, चूक मोल्डिंगची. चकतीही वाहत नसेल, तर मायक्रोटोमने (अतिपातळ काप काढणाऱ्या यंत्राने) काप काढून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. काळे गोळे दिसले तर विखुरणं अपुरं. गोळे नाहीत तरी रोध जास्त, तर एक संशय अति घुसळणीचा: स्क्रूच्या मारात नळ्या तुटून आखूड झाल्या असाव्यात. रीग्राइंड, म्हणजे दळून पुन्हा वापरलेला माल, वारंवार फिरवल्यानेही हेच होतं.

पॅकेजिंगच्या आयईसी ६१३४०-५-३ या मानकानुसार पृष्ठरोध १० हजार ओहमच्या खाली असेल तर वाहक, तिथपासून १०० अब्ज ओहमपर्यंत विसर्जक (स्थिर वीज हळूहळू सोडणारा). गेटजवळ (साच्यात माल शिरतो तिथे) आणि गेटपासून दूर, दोन्हीकडे मोजा. एकाच जागचा आकडा मानू नका.

कार्बन ब्लॅकशी तुलना अटळ आहे. तो बराच स्वस्त, पण मात्रा कित्येक पट जास्त लागते, आघातशक्ती घटते आणि घासल्यावर काळं झडतं. चिप किंवा हार्ड डिस्कच्या भागांसाठी ट्रे करायचे असतील तर मास्टरबॅचची जास्तीची किंमत वसूल होते. साध्या डब्यांसाठी नाही. रंग दोन्हींत काळाच. तांब्याची जागा घेईल अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी पैसे वाचवावेत.

मास्टरबॅच कोणत्या पॉलिमरमध्ये बनवलाय ते तपासूनच मागवा: पॉलिकार्बोनेटचा मास्टरबॅच पॉलिप्रॉपिलीनमध्ये एकजीव होत नाही. आणि दाणे धूळ उडवत नसले तरी भाग कापताना, घासताना ती उडते. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने २०१३ मध्ये नॅनोट्यूबसाठी हवेतली शिफारस केलेली मर्यादा घनमीटरला १ मायक्रोग्रॅम इतकी कडक ठेवली आहे, तेव्हा करवतीशेजारी धूळ ओढणारी यंत्रणा आधी बसवा.