विजापूर रोडवरचं मत्स्यालयाचं दुकान: औषधाआधी पाणी तपासणारे मालक

आमचे मॉली मासे टाकीतल्या खडीवर अंग घासत सुटले, तेव्हा मी सरळ औषध मागायला गेले. मालक म्हणाले, "ताई, आधी टाकीतलं पाणी घेऊन या." त्यांनी अमोनिया तपासला, पाणी बदलताना नळातलं क्लोरीन घालवता का तेही विचारलं. हे दोन्ही वाढलं तरी मासे असेच घासतात. पाणी ठीक निघालं. मग मोबाईलवरच्या व्हिडिओत त्यांना परांवर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसले: इक, म्हणजे परजीवी.

औषध त्वचेत रुतलेल्या परजीवीला लागत नाही, तो सुटून पाण्यात पोहू लागला की मरतो. म्हणून ठिपके गेले तरी डोस थांबवायचा नाही. पाणी हळूहळू २८-३० अंशांवर न्यायचं, म्हणजे त्याचं चक्र लवकर पुरं होतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, तेव्हा एअर पंप चालूच. सोलापूरच्या उन्हाळ्यात हीटरची गरजही पडत नाही म्हणा!

दुकान अरुंद, संध्याकाळी उभं राहायला जागा नसते. नवे मासे वेगळ्या टाकीत ठेवत नाहीत, हे मात्र मला पटत नाही. तेवढं त्यांनी करावंच. मॉली आता छान आहेत. गप्पीही मी इथूनच घेणार.