कणकुंबीची खानावळ: पोटभर जेवण आणि घरापर्यंत लिफ्ट

गोव्यातून चोर्ला घाट चढून बेळगावकडं येताना कणकुंबी लागतं बघा, माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते ते गाव. तिथं रस्त्याला लागूनच एक कौलारू खानावळ आहे, काकू आणि त्यांचा मुलगा दोघंच चालवतात. स्वतःची गाडी नाही आणि लिफ्ट मागत घरी चाललाय तर इथं थांबाच, ह्या रूटवर ह्याच्यापेक्षा चांगली जागा मला तरी भेटली नाही.

मी सीझनभर गोव्यात मिळेल ते काम केलं. आधी कळंगुटला शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या झोपडी-हॉटेलात, भांडी घासली, मग ऑर्डर घ्यायला लागलो, तिथं मालकानं पगार लटकवला म्हणून सत्तरी तालुक्यात काजूच्या भट्टीवर गेलो, बोंडं गोळा करून रस काढायचा, दिवसभर हात चिकट आणि अंगाला तो वास, शेवटी म्हापशात बेकरीत पहाटेचे पाव. पावसाच्या तोंडावर शॅक मोडतात ना, तेव्हा आमच्या खानापूर-चंदगडकडची बरीच पोरं अशीच परत येतात. शॅकच्या किचनमध्ये मणिपूरची एक पोरगी होती, आम्ही दोघं मोडक्या हिंदीत रात्री उशिरापर्यंत बोलायचो, ती गावी गेली आणि फोन हळूहळू कमी होत बंद झाले. बेकरीच्या काउंटरवरची मात्र खरंच मनात बसली होती, माझ्यासाठी घरून सुंगटाचं, म्हणजे कोळंबीचं, कालवण आणायची, तिचं लग्न ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी मी बॅग भरली.

साखळीपर्यंत एका स्कूटरवाल्यानं सोडलं, तिथून केरी आणि पुढं घाटात भाजीचा टेम्पो. हे नव्या पोरांनी लक्षात ठेवा, बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते, टेम्पो रात्री भरून उतरतात आणि सकाळी रिकामे परत चढतात, म्हणून सकाळी लवकर केरीत उभं राहा. फिरायला आलेल्या कार थांबत नाहीत, त्यांच्या मागं टाइम घालवू नका.

आता जेवण. तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात, काळ्या वाटाण्याची उसळ, भात, आमटी, वर सोलकढी, हे सगळं १०० रुपयांच्या आसपास आणि भात-आमटी पाहिजे तेवढी. उसळीचं वाटण काकू स्वतः करतात, खोबरं नीट भाजलेलं असतं, खाताना कळतंच. चिकन रस्सा पण चांगला आहे पण उसळीची सर नाही. मी ताटावर नुसता बसून होतो तर काकू म्हणाल्या, "कुणाचा विचार करूलास रे बाळा? आधी जेव बघू," आणि न विचारता आणखी एक भाकरी वाढली, त्या भाकरीचे पैसे पण घेतले नाहीत. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी असं जेवायला लावलं हो.

जेवण झाल्यावर मुलानंच विचारलं कुठं जायचंय, मग बाहेर चहा पिणाऱ्या ड्रायव्हरांना हाक मारून कन्नडमधून बोलला आणि माझी सोय लावून दिली. अनोळखी माणसाला गाडीत घ्यायला ड्रायव्हर बिचकतात, पण खानावळवाल्याचा शब्द असला की घेतात. एकट्या मुलींना तर ओळखीच्या गाडीतच बसवतात नाहीतर एसटीची वेळ सांगतात, हे मला फार आवडलं.

रविवारी गोव्याच्या गाड्यांची गर्दी असते, तेव्हा जेवण यायला वेळ लागतो. बाथरूम मागच्या अंगाला आहे, पावसात तिथं चिखल होतो, तेवढं सुधारायला पाहिजे. ऑनलाइन पेमेंटला रेंजचा भरवसा नाही, सुटे पैसे ठेवा.

खानापूरकडं जाणाऱ्यांनी जांबोटीला उतरा, तिथं रस्ता फुटतो. बेळगावचे असाल तर तोच टेम्पो किणये, पिरनवाडीवरून गावात आणतो. ड्रायव्हर पैसे नको म्हणाला तरी निदान त्याच्या चहाचे खानावळीतच देऊन टाका.