अमीरी फाँट : पुस्तकासाठी बेलाशक घ्या

पुस्तकांची पानं लावणं हे माझं काम. मजकूर बहुतेक देवनागरी, पण इतिहास किंवा भाषाशास्त्राचं पुस्तक आलं की मधूनच अरबी उतारे येतात, आणि नेमकं तिथे पान विद्रूप होतं. संगणकात आयते मिळणारे बरेच अरबी फाँट वाचता येतात, एवढंच. अक्षरं एका पट्टीवर मांडून मधे दांडे जोडल्यासारखी दिसतात. हल्ली अशा कामाला मी ‘अमीरी’ वापरते.

इजिप्तच्या खालिद होस्नी यांनी केलेला हा नस्ख वळणाचा, म्हणजे अरबी पुस्तकांच्या नेहमीच्या वळणाचा फाँट. कैरोच्या बुलाक ऊर्फ अमीरी छापखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छपाईचे जे धातूचे खिळे वापरात आले, त्यांचं हे डिजिटल रूप. १९२४ सालची कैरोची प्रसिद्ध कुराण-आवृत्ती याच वळणाच्या खिळ्यांत जुळवलेली आहे. फाँट मोफत आहे, ओपन फाँट लायसन्सखाली. विकायच्या पुस्तकातही खुशाल वापरा.

खरी करामत जोडणीत आहे. अरबीतल्या २८ अक्षरांपैकी २२ दोन्ही बाजूंनी जोडली जातात. अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ाय आणि वाव ही सहा पुढच्या अक्षराला जोडून घेत नाहीत. मग सुरुवातीचं, मधलं, शेवटचं आणि सुटं अशी चार रूपं दिली की झालं, असं पुष्कळ फाँट धरून चालतात. बोरू धरणारा कातिब तसं लिहीत नाही. पुढे जीम, ‘हा’ किंवा खा यांपैकी अक्षर येणार असेल, तर आधीचं अक्षर ओळ सोडून वर चढतं आणि वरून उतरत त्याला मिळतं. अमीरी हे करतो. ‘मुहम्मद’ टाइप करून बघा : पहिला मीम ‘हा’ या अक्षराच्या डोक्यावर बसतो. बा, ता, नून या अक्षरांचे दात, म्हणजे ओळीतून वर आलेली छोटी टोकं, लागोपाठ आले तर सगळे एकाच उंचीचे ठेवत नाही, एखादा उंच करतो. त्यामुळे दात मोजता येतात, शब्द चटकन लागतो. हे सगळं टाइप करताना आपोआप होतं, वेगळी कळ दाबावी लागत नाही.

ज़ेर-ज़बर, म्हणजे स्वर दाखवणाऱ्या खुणा, लावलेला मजकूर ही माझी नेहमीची परीक्षा. त्या खुणा अक्षरांच्या नुक्त्यांवर (ठिपक्यांवर) आदळल्या की वाचणारा अडखळतो. इथे त्या ज्याच्या-त्याच्या जागी राहतात. आयतीच्या (कुराणातल्या वचनाच्या) शेवटचं चिन्ह देऊन पुढे आकडा टाइप केला, तर तो थेट वर्तुळात जाऊन बसतो!

आता जाच. अक्षरं वर-खाली इतकी पसरतात की ओळींमधलं अंतर सढळ ठेवावंच लागतं. देवनागरीच्या परिच्छेदात एखादा अरबी शब्द घातला की तेवढीच ओळ खाली ढकलली जाते. अंतर आकड्यात बांधून टाका. मोबाइलवरची बटणं, मेनू, बारीक तळटिपा यांसाठी हा फाँट नकोच. तिरपं रूपही दिलंय, पण ते मला उसनं वाटतं. नस्खमध्ये जोर द्यायला तिरपं करण्याची रीतच नाही.

ट्रॅकिंगला, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराला, हात लावू नका. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, अरबीत जोडच तुटतात. आणि दोन्ही समास साधायचा हट्ट असेल, तर शब्दांमधली जागा फुगवण्याऐवजी अरबी परंपरा जोडरेघ लांबवते, तिला कशीदा म्हणतात. ते काम पानं लावणाऱ्या सॉफ्टवेअरचं. बहुतेक सॉफ्टवेअर तिथे नुसती सरळ रेघ ठोकतात. मी अरबी उताऱ्याची डावी कड मोकळीच सोडते.

लिबरऑफिसमध्ये आणि ब्राउझरमध्ये अमीरी विनातक्रार चालतो. पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (ओळी जुळवणारी सोय) चालू करा, नाहीतर अक्षरं सुटी आणि उलट्या क्रमाने पडतील, आणि तुम्ही उगाच फाँटला दोष द्याल.

उर्दू शेर लावायचा असेल तर मात्र अमीरी घेऊ नका. उर्दू वाचकाला नस्तालीकची सवय असते, उजवीकडून डावीकडे खाली उतरत जाणाऱ्या शब्दांची. त्यासाठी ‘नोटो नस्तालीक उर्दू’ घ्या. तोही मोफतच आहे, आणि ओळींमधलं अंतर त्याला अमीरीपेक्षाही जास्त लागतं.