लिस्प लिहिणाऱ्यांसाठी मॅगिट: आठ महिने रोज वापरल्यावर

दिवसा मी सांगलीत एका पतसंस्थेत हिशेब बघते आणि रात्री जेवणंखाणं उरकलं की दीड-दोन तास कॉमन लिस्प या भाषेत प्रोग्रॅम लिहीत बसते. प्रोग्रॅमिंगचं कॉलेज-बिलेज काही झालेलं नाही, आवड म्हणून शिकले. सध्या जो प्रोग्रॅम चालू आहे तो आईच्या भिशीचा. पंचवीस बायका, महिन्याला प्रत्येकी ५,००० रुपये, कुणी भरले, कुणाचा नंबर लागला, आणि त्या दिवशीची पावती छापायची, बस एवढंच. हे सगळं मी इमॅक्स या एडिटरमध्ये एसबीसीएल (कॉमन लिस्प चालवणारा प्रोग्रॅम) आणि स्लाइम (त्याला इमॅक्सशी जोडणारं पॅकेज) घेऊन लिहिते, आणि फायलींमधल्या बदलांचा इतिहास जपून ठेवायला गिट, पण गिटच्या कमांड हाताने टाइप न करता मॅगिटमधून. त्या मॅगिटबद्दल लिहायचंय.

मॅगिट म्हणजे इमॅक्सच्या आतून गिट चालवायचं पॅकेज, मारिउस फोल्मरने २००८ मध्ये सुरू केलेलं आणि २०१३ पासून योनास बेर्नुली सांभाळतोय. फुकट आहे, सोर्स उघडा आहे. कंट्रोल-एक्स आणि मग जी दाबलं की स्टेटसचं पान उघडतं, बदललेल्या फायली खाली ओळीने दिसतात, टॅब दाबला की फाइल उलगडते आणि आतले बदलाचे तुकडे दिसतात, त्यांना हंक म्हणतात. हंकवर उभं राहून 'एस' दाबलं की तेवढाच हंक स्टेज, म्हणजे पुढच्या नोंदीसाठी निवडला. त्यातल्याही दोनच ओळी पाहिजेत तर त्या सिलेक्ट करून 'एस'. मग 'सी' 'सी', मेसेज लिहा, कमिट म्हणजे नोंद झाली. टर्मिनलवर हेच 'गिट अॅड -पी' ने करता येतं, मी वर्षभर केलं, पण तिथे तो एकेक हंक समोर टाकून हो की नाही विचारत राहतो आणि मागचा परत बघावासा वाटला की धागा तुटतो. इथे सगळं एका पानावर, वर-खाली फिरा, परत या.

आता लिस्पला हे एवढं का लागतं ते सांगते, कारण पायथन लिहिणाऱ्या माझ्या मावसभावाला हे पटत नाही.

गिट ओळी बघतं. लिस्पमध्ये ओळीला काही अर्थ नाही, अर्थ कंसांना आहे. माझंच उदाहरण, पावतीवर भिशीची रक्कम येते १,२५,०००, पण कॉमन लिस्पच्या 'फॉर्मॅट'ला स्वल्पविराम घालायला सांगितलं तर तो 125,000 असं घालतो, आई म्हणाली हे काय, सव्वा लाख दिसले पाहिजेत. फॉर्मॅटमध्ये किती आकड्यांनी स्वल्पविराम टाकायचा ते बदलता येतं पण ते अंतर सगळीकडे सारखंच राहतं, आपल्याला आधी तीन आणि मग दोन-दोन पाहिजेत, म्हणून फंक्शन स्वतः लिहावं लागलं. नंतर त्यात ऋण रकमेसाठी एक 'लेट' (तात्पुरत्या नावाला किंमत देणारा कंस) बाहेरून गुंडाळला. बदल खरा म्हणजे एका ओळीचा. पण आतलं सगळं दोन घरं उजवीकडे सरकलं आणि शेवटच्या ओळीवर एक कंस वाढला, म्हणून गिट म्हणतं पूर्ण फंक्शन बदललं, तेवढ्या ओळी लाल आणि तेवढ्याच हिरव्या. महिन्याने बघितलं तर काय केलं होतं कळतच नाही.

मॅगिटमध्ये 'डी' मोठा दाबून त्यात '-डब्ल्यू' चालू केलं की नुसती मोकळी जागा बदललेल्या ओळी गायब होतात आणि खरा बदल उरतो. दुसरी सेटिंग 'मॅगिट-डिफ-रिफाइन-हंक', ती 'टी' (लिस्पमध्ये 'हो') केली की ओळीतला बदललेला शब्दच गडद रंगात येतो, शेवटचा वाढलेला कंससुद्धा. ही सेटिंग लिस्प लिहिणाऱ्याने पहिल्या दिवशी करावी, मला तीन महिन्यांनी कळली आणि ते तीन महिने मी उगाच डोळे ताणले. अजून बारीक बघायचं असेल तर डिफ्टॅस्टिक नावाचं वेगळं टूल आहे, ते ओळी सोडून कोडची रचनाच ताडून बघतं, कॉमन लिस्प आणि इमॅक्स लिस्प दोन्ही त्याला कळतात, 'लेट' गुंडाळला तर तेवढाच दाखवतं. पण ते फक्त बघायला, त्यातून स्टेज करता येत नाही, म्हणून रोजचं काम मॅगिटमध्येच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि ती मी चांगलीच शिकले. लिस्पमध्ये प्रोग्रॅम चालू असतानाच फंक्शन बदलता येतं, सकाळी उघडलेलं एसबीसीएल रात्रीपर्यंत जिवंत राहतं आणि त्यात तुम्ही दिवसभर जे जे भरलं ते सगळं असतं. एसबीसीएलमध्ये फंक्शनची नावं देवनागरीत चालतात, माझ्या फंक्शनचं नाव होतं 'स्वल्पविराम-घाल', ते बदलून 'लाख-कोटी-लिही' केलं. पावतीच्या फायलीत एका जागी जुनं नाव राहिलं. पण चालू एसबीसीएलच्या पोटात जुनं फंक्शन अजून होतंच ना, त्यामुळे सगळं नीट चाललं, मी कमिट केलं, आणि भिशीच्या दिवशी काकूंच्या घरी दुसऱ्या लॅपटॉपवर उघडलं तर फंक्शन सापडत नाही म्हणून प्रोग्रॅम थांबला. पंचवीस बायका चहा घेऊन बसलेल्या, आई माझ्याकडे बघतेय. पावत्या हाताने लिहिल्या. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण आईने सगळ्यांना आधी सांगून ठेवलं होतं की लेकीने बनवलंय.

गिट फाइल जपतं, चालू लिस्पच्या पोटातलं नाही. हे पुस्तकात वाचून कळत नाही. तेव्हापासून मी प्री-कमिट हुक, म्हणजे कमिटच्या आधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट, लावलाय, तो नवीन कोरं एसबीसीएल 'नॉन-इंटरअॅक्टिव्ह' मध्ये उघडतो, फायली लोड करतो आणि एक खोटी पावती छापून बघतो. पावती छापणं जरुरीचं आहे, कारण नुसतं लोड केलं तर नसलेल्या फंक्शनसाठी एसबीसीएल फक्त ताकीद देऊन पुढे जातं. मॅगिट मुळात खरं गिटच चालवत असल्याने हुक आपोआप चालतो, चुकलं तर कमिट होत नाही आणि डॉलरचं चिन्ह दाबलं की काय झालं ते पूर्ण दिसतं. एक उणीव राहते, हुक डिस्कवरची फाइल बघतो, स्टेज केलेला भाग नाही, म्हणजे अर्धेच हंक स्टेज केले असतील तर तो फसू शकतो. अशा वेळी मी उरलेलं आधी स्टॅश करते, म्हणजे तात्पुरतं बाजूला ठेवते.

ते डॉलरचं पान मला मॅगिटमधलं सगळ्यात जास्त आवडतं. मॅगिटने तुमच्यासाठी गिटची कुठली कमांड चालवली ती तिथे जशीच्या तशी लिहिलेली असते. रिबेस (जुने कमिट नव्याने रचणं) म्हणजे काय हे मी तिथे वाचून वाचून शिकले. आणि मॅगिट स्वतः इमॅक्स लिस्पमध्ये लिहिलंय, त्यामुळे कुठल्याही बटणाबद्दल इमॅक्सला विचारलं की त्यामागचं फंक्शन उघडून वाचता येतं.

मधे दोन महिने गिटच्या जागी फॉसिल वापरून बघितलं, एसक्यूलाइट हा डेटाबेस बनवणाऱ्या रिचर्ड हिपचंच ते. ते मला मनापासून आवडलं. एकच प्रोग्रॅम, आणि पूर्ण इतिहास एका एसक्यूलाइट फायलीत, पेनड्राइव्हवर ती एक फाइल टाकली की बॅकअप झाला. 'फॉसिल यूआय' म्हटलं की ब्राउझरमध्ये टाइमलाइन, विकी, तिकिटं सगळं हजर. एकट्या माणसाच्या छोट्या प्रोजेक्टला मी ते आजही सुचवेन. पण त्यात स्टेज करायची पायरीच नाही, आणि केलेला कमिट नंतर नीटनेटका करू न देणं हे त्यांचं ठरवून घेतलेलं धोरण आहे. मी प्रयोग करत लिहिते, एका रात्रीत तीन वेगवेगळ्या गोष्टी फायलीत मिसळतात, त्या वेगळ्या केल्याशिवाय मला झोप येत नाही. म्हणून परत आले.

मराठीबद्दल. इमॅक्स २७ पासून अक्षरं जुळवायला हार्फबझ आलं, त्यानंतर जोडाक्षरं व्यवस्थित दिसतात, मी कमिट मेसेज मराठीतच लिहिते. मेसेजची पहिली ओळ लांब झाली की मॅगिट रंगाने दाखवतं, पण त्यात मात्रा आणि वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात, म्हणून मराठी ओळ लवकर लांब ठरते, तिकडे मी लक्ष देत नाही. टर्मिनलवर मराठी नावाची फाइल आकड्यांच्या रांगेत दिसत असेल तर गिटमध्ये 'कोर.कोटपाथ' बंद करा. आणि मोठी अडचण कीबोर्डची. सिस्टिमचा इन्स्क्रिप्ट चालू राहिला तर 'एस'च्या जागी एकाराची मात्रा जाते आणि मॅगिट काहीच करत नाही, मला आधी वाटलं बिघडलं. उपाय म्हणजे सिस्टिमचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा आणि इमॅक्सच्या आतला 'देवनागरी-इन्स्क्रिप्ट' घ्यायचा, कंट्रोल आणि उलट्या तिरक्या रेघेने चालू-बंद होतो, मेसेज लिहिताना मराठी आणि स्टेटसच्या पानावर बटणं जशीच्या तशी.

विंडोजवर मॅगिट संथ आहे, हे आधीच सांगते. ते प्रत्येक वेळी गिटला बऱ्याचदा हाक मारतं आणि विंडोजवर नवीन प्रोसेस सुरू व्हायलाच वेळ लागतो, माझ्या जुन्या विंडोज मशीनवर स्टेटसचं पान यायला चहाचा घोट घेऊन होतो, लिनक्सच्या लॅपटॉपवर लगेच येतं. आणि इमॅक्स अजिबात येत नसेल तर नुसत्या मॅगिटसाठी शिकायला पहिला महिना जड जाईल. लिस्प लिहिताय म्हणजे बहुतेक इमॅक्स उघडलेलंच असेल, मग 'पॅकेज-इन्स्टॉल' करून आज रात्रीच लावून बघा. मी परवा 'लाख-कोटी-लिही' चा पूर्ण इतिहास काढला, सात कमिट निघाले, आणि येत्या रविवारी भिशी आमच्या घरी आहे.