जुनी लेड-ॲसिड की जुनी निकेल-कॅडमियम: चार्जिंगचे दोन वेगळे नियम

निफाडच्या द्राक्षबागांतील फवारणी पंपात बहुधा १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते, तर अंबडच्या वर्कशॉपमधील जुन्या कॉर्डलेस ड्रिलमध्ये निकेल-कॅडमियमचे सेल अजूनही सापडतात. दोन्हींना एकच नियम लावणे घातक ठरते.

लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण उतरवू नये. काही तास न वापरता ठेवलेल्या बॅटरीवर मीटरने सुमारे १२.७ व्होल्ट दाखवले, तर ती भरलेली समजावी. भार चालू असताना मात्र व्होल्टेज १०.५ पर्यंत उतरण्याआधीच पंप थांबवावा, कारण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्यास प्लेटांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि गेलेली क्षमता सहसा परत येत नाही. त्यामुळे हंगाम संपल्यावर पंप शेडमध्ये तसाच टाकून देण्याची सवय मला सर्वांत नुकसानकारक वाटते. ठेवण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावी. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडू शकतो, म्हणून जागा हवेशीर असावी व जवळ शेगडी किंवा दिवा नसावा.

निकेल-कॅडमियम उतरलेल्या अवस्थेतही साठवता येते. तरीही दहा सेलांचा १२ व्होल्टचा पॅक १० व्होल्टच्या खाली नेऊ नये, कारण तेथे दुबळ्या सेलची ध्रुवता (धन-ऋण टोके) उलटू शकते. साध्या चार्जरने क्षमतेच्या (अँपिअर-तासांतील आकड्याच्या) दहाव्या हिश्श्याइतके अँपिअर प्रवाह १४ ते १६ तास द्यावा. पॅक हाताला गरम लागताच चार्जिंग बंद करावे. कॅडमियम विषारी असल्याने गळका सेल घंटागाडीच्या नेहमीच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडेच द्यावा.