एट-के टीव्ही आत्ताच, की फोर-के आणि चांगला आवाज?

इंदिरानगरच्या भाच्याचं घोडं अडलंय: ६५ इंची एट-के टीव्ही आत्ताच घ्यावा, की चांगला फोर-के घेऊन उरलेले पैसे आवाजावर घालावेत? शोरूमवाल्याचं बोलणं बाजूला ठेवून बघू.

आधी डोळ्यांचं. फोर-केमध्ये ३८४० × २१६० ठिपके, एट-केमध्ये त्याच्या चौपट. पण ६५ इंची पडद्यावर फोर-केचे ठिपकेसुद्धा साधारण नजरेला चार-साडेचार फुटांपलीकडे सुटे दिसत नाहीत. भाच्याचा सोफा नऊ फुटांवर! शिवाय बघणार काय? ओटीटीवरचं बहुतेक सगळं फोर-के किंवा त्याखालचं. टीव्ही ते ताणून मोठं करतो, एवढंच.

टिकाऊपणात पॅनलपेक्षा तंत्राचं आयुष्य बघायचं. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या दोन तऱ्हेच्या डिस्कच्या भांडणात २००८ साली एचडी डीव्हीडीवाल्या तोशिबाने माघार घेतली आणि घाईने एचडी डीव्हीडी प्लेयर घेणारे हात चोळत बसले. थ्रीडी टीव्हीचे चष्मे तर कित्येकांच्या ड्रॉवरमध्ये अजून असतील.

खर्चात फोर-के सरळ पुढे. खटाटोप मात्र त्यातच जास्त: रिसीव्हर (स्पीकरांना आवाज वाटून देणारा डबा), पाच स्पीकर, सबवूफर (खर्जाचा स्पीकर), वायरिंग. भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंती फोडता येत नाहीत आणि सबवूफरचा दणका खालच्या काकूंपर्यंत जातो. तिथे साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची पट्टी, पुरे. टीव्हीला ई-आर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने साउंडबारला पूर्ण दर्जात देणारी सोय) आहे ना, तेवढं बघून घ्यायचं.

गंगापूर रोडला बंगला, वेगळी खोली, शंभर इंची पडदा, अगदी जवळची बैठक आणि पैशांची फिकीर नाही, अशांनी एट-केच्या वाटेला जावं. भाच्याने फोर-केच घ्यावा: हॉलमध्ये दुपारचं ऊन येत असेल तर मिनी-एलईडी (मागे बारीक दिवे असलेला, जास्त उजळ पडदा), रात्री दिवे मालवून बघणार असेल तर ओएलईडी (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग खरा काळा).